दाणा आणि भाव

कोल्हापूर म्हटलं की तांबडा-पांढरा आठवतो, गूळ आठवतो. दुष्काळ कुणाला आठवत नाही. पाण्याचे हाल माण-जतकडचे, आमच्याकडे पंचगंगेचा पूर, असं आम्ही धरून चाललोय. पण 1896 साली पावसानं या संस्थानालाही दगा दिला. शाहू महाराज तेव्हा बावीस वर्षांचे. हाती कारभार येऊन जेमतेम अडीच वर्षं झालेली.

कामं काढणं, तगाई देणं, निराधारांची सोय करणं हे त्यांनी केलंच. मला मोठी वाटते ती स्वस्त धान्याची दुकानं. पेठेत दाणा होता, पण तो मजुराच्या ऐपतीबाहेर गेला होता. महाराजांनी खोट दरबाराच्या अंगावर घेतली आणि दाणा कमी भावात विकायला लावला.

दाणा असूनही माणसं कशी मरतात, ते आयर्लंडात दिसलं. तिथं 1845 मध्ये बटाट्यावर करपा पडला. पुढच्या काही वर्षांत दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, तितकीच देशोधडीला लागली. आणि त्याच वर्षांत तिथल्या बंदरांतून ओट, लोणी, गुरं इंग्लंडला जात होती! कुळानं ओट पिकवायचा तो खंड भागवायला, पोटाला बटाटा. तो कुजल्यावर शेजारच्या शेतातला ओट नुसता बघायचा.

माझी आजी जतकडची. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची. मजुरांना मिळणाऱ्या सरकारी मिलो ज्वारीचं पीठ तांबूस. चिकटपणा नसल्यानं भाकरी थापताना कडा फुटायच्या, उलटताना तव्यावरच तुकडे व्हायचे. ‘चव न्हवती बाबा, पर चूल पेटत हुती,’ म्हणायची.

इकडे कोल्हापुरात राधानगरीचं धरण शाहू महाराजांनीच सुरू केलं. त्या पाण्यावर आज ऊस डुलतोय आणि डोंगरउतारावरची नाचणी-वरी मागं हटलीय. ऊस काही ताटात येत नाही. कारखान्याचं बिल लांबलं की वाण्याकडची उधारी वाढते. आता रेशन आहे, म्हणून आयर्लंडशी तुलना फार ताणत नाही.

त्या रेशनला नावं ठेवणारे मला भेटतात, बहुतेक बागायतदारच. ‘फुकट खाऊन माणसं आळशी झाली’ वगैरे. तेच जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत दरासाठी घसा कोरडा करतात, आणि त्यांचं ते मागणं मला रास्तच वाटतं. फक्त आपल्या उसाचा भाव बाजारावर सोडायचा नाही आणि मजुराच्या दाण्याचा मात्र सोडायचा, हे गणित मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.