दोन चमचे पाण्याचा ढग

8 जानेवारी, निफाड
संध्याकाळी आभाळ आलं तसे मामा जरा निवांत झाले. "आज पारा उतरायचा नाही," म्हणाले. द्राक्षबागेत शेकोट्या पेटवायचा बेत राहिला. ढगाळ हवेत भुरीची काळजी असतेच, पण मणी तडकायची भीती टळली. रात्री जमिनीतून वर जाणारी उष्णता ढग शोषतो आणि त्यातली बरीचशी पुन्हा खाली धाडतो. दिवसा तोच ऊन परतवतो. साऱ्या पृथ्वीचा वर्षाचा हिशेब केला तर ऊन परतवणंच भारी पडतं. दर चौरस मीटरला सुमारे 20 वॅटनं ढग पृथ्वीला थंडच ठेवतात. पण ही सरासरी झाली.

9 जानेवारी
ग्रीनलँडचा जुलै 2012 डोक्यातून जात नाही. हिमस्तराच्या माथ्यावर, सुमारे 3,200 मीटरवर समिट स्टेशन आहे. 11-12 जुलैला तिथलाही बर्फ वितळू लागला. स्तराच्या जवळजवळ 97 टक्के पृष्ठभागावर वितळण दिसली. माथ्यावर त्याआधी असं घडलं होतं 1889 च्या सुमारास, हे बर्फाच्या गाभ्यांतून कळतं. उबदार हवा आली होती, पण तेवढ्यानं भागलं नसतं. बेनार्ट्झ आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये 'नेचर'मध्ये दाखवलं की खालून जाणाऱ्या पातळ ढगांनी ती कसर भरून काढली. त्यांच्यात चौरस मीटरमागे पाणी 10 ते 40 ग्रॅम. तीस ग्रॅम म्हणजे दोन मोठे चमचे! ढग याहून विरळ असता तर उष्णता निसटली असती, दाट असता तर ऊनच अडलं असतं. उष्णता धरायची ढगाची ताकद चाळिसेक ग्रॅमलाच जवळपास पुरी होते. पुढचं पाणी फक्त ऊन अडवतं. एवढ्याशा पाण्यावर अख्ख्या हिमस्तराचं पारडं फिरावं, याची धास्ती वाटते.

12 जानेवारी, पुणे
आणि नेमके हेच ढग मोजायला कठीण. सूक्ष्मलहरी रेडिओमीटरच्या मापात 20-30 ग्रॅमची चूक सहज राहते, म्हणजे चूक ढगाएवढीच. हवामानाच्या प्रारूपांतही गोठणबिंदूखालचे असे द्रव ढग कमीच उमटतात. अवरक्त किरणं मोजणारं यंत्र मात्र पातळ ढग अचूक टिपतं. दाट ढगापुढे ते आंधळं होतं, तिथे रेडिओमीटर कामी येतो. समिटवर 2010 पासून दोन्ही यंत्रं चालू होती, म्हणून 2012 चा ढग हाती लागला.