शिबुया: दरीतले स्थानक

टोकियोच्या नैर्ऋत्य भागातले शिबुया हे गाडी बदलण्याचे मोठे स्थानक एका दरीच्या तळाशी वसलेले आहे. पूर्वेकडून मियामासुझाका आणि पश्चिमेकडून दोगेनझाका असे दोन चढ या खोलगटात उतरतात, आणि तळाशी शिबुया व उदा या दोन लहान नद्यांचा संगम होता. आज स्थानकाजवळ दोन्ही नद्या झाकल्या गेल्या आहेत. वरून पाहणाऱ्याला दिसतात ते फक्त रस्ते आणि उंच इमारती. तरी या स्थानकात नवख्या माणसाला ज्या ज्या गोष्टीचे कोडे पडते, तिचा उलगडा बहुतेक वेळा या दरीतच सापडतो. भुयारी रेल्वे तिसऱ्या मजल्यावर थांबते, दुसरी एक गाडी जमिनीखाली पाचव्या पातळीवर येते, आणि रस्त्याच्या पातळीवर मात्र एकही फलाट नाही.

येथे चार कंपन्यांचे नऊ मार्ग एकत्र येतात. जेआर ईस्टचे यामानोते, साइक्यो आणि शोनान-शिंजुकु, तोक्यूचे तोयोको आणि देन-एन-तोशी, केइओचा इनोकाशिरा, आणि टोकियो मेट्रोचे गिन्झा, हान्झोमोन व फुकुतोशिन. त्यांचा एकत्रित आराखडा कोणी एकदाच बसून केलेला नाही. १ मार्च १८८५ रोजी शिनागावा ते आकाबाने हा मार्ग सुरू झाला, तेव्हा शिबुया हे शहराबाहेरचे साधे स्थानक होते. १९०७ मध्ये पश्चिमेकडून तामागावा ट्राम आली, १९२७ मध्ये तोयोको मार्ग, १९३३ मध्ये इनोकाशिरा आणि १९३८ मध्ये आजच्या गिन्झा मार्गाचा हा भाग. प्रत्येक कंपनीने आपले रूळ आधीच्या स्थानकाच्या कडेला, मिळेल त्या जागी आणि मिळेल त्या उंचीवर आणून थांबवले. आजही एका फलाटावरून दुसऱ्यावर जाताना माणूस एका काळातून दुसऱ्या काळात चालत असतो.

गिन्झा मार्गाचे उदाहरण सर्वात बोलके आहे. शेजारचे ओमोतेसांदो स्थानक पठारावर आहे आणि तिथले भुयार फारसे खोल नाही. शिबुयाकडे येताना जमीन एकदम खाली जाते. जमिनीसोबत रूळही खाली नेले असते, तर उतार गाडीला न झेपणारा झाला असता. म्हणून बोगदा सरळ पुढे नेला गेला. गाडी टेकडीच्या कुशीतून बाहेर पडते, रस्त्यावरून पुलाने जाते आणि तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर थांबते. जुन्या काळी हे फलाट चक्क एका डिपार्टमेंट स्टोअरच्या इमारतीत होते. दरीच्या दुसऱ्या अंगाला, म्हणजे पश्चिमेला, याच्या उलटा प्रकार घडतो: इनोकाशिरा मार्गाची गाडी इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरून सुटते आणि लगेच दोगेनझाकाच्या टेकडीखालच्या बोगद्यात शिरते.

पुढच्या पिढीच्या मार्गांना वर जागाच उरली नव्हती. १९७७ मध्ये सुरू झालेला, आता देन-एन-तोशी म्हणून ओळखला जाणारा मार्ग आणि १९७८ चा हान्झोमोन हे तळघराच्या तिसऱ्या पातळीवर एकमेकांना जोडले गेले. १४ जून २००८ रोजी आलेला फुकुतोशिन मार्ग आणखी खाली, पाचव्या पातळीवर गेला. हे स्थानक वास्तुरचनाकार तादाओ आंदो यांनी आखले. त्यांनी जमिनीखाली सुमारे ८० मीटर लांबीचे अंडाकृती कवच कल्पिले आणि मधोमध उघडी पोकळी सोडून बाहेरची हवा खालपर्यंत खेळती ठेवली. पोकळीच्या कठड्याशी उभे राहिले की वरच्या पातळीवरची माणसे आणि खालून सुटणारी गाडी एकाच वेळी दिसतात. जमिनीखाली इतके मोकळे वाटणे ही दुर्मीळ गोष्ट आहे, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते शिबुयातली ही सर्वात माणूसपणाची जागा आहे.

या लेखकाचा कामावर जाण्याचा रस्ता काही काळ मुसाशी-कोसुगीहून तोयोको मार्गाने शिबुया आणि तिथून गिन्झा मार्गाने तोरानोमोन असा होता. म्हणजे, तोयोको आता फुकुतोशिनच्याच पातळीवर येत असल्याने, पाचव्या तळघरातून तिसऱ्या मजल्यावर. असा बदल रोज करणाऱ्याची तयारी शिबुयात उतरल्यावर नव्हे, तर चढतानाच सुरू होते. कितव्या डब्याचे कितवे दार सरकत्या जिन्यासमोर उघडेल, हे प्रत्येकाला ठाऊक असते आणि मुसाशी-कोसुगीच्या फलाटावर रांग त्याच खुणेपाशी लांबते. दादरच्या पुलावरून मध्य रेल्वेकडून पश्चिम रेल्वेकडे धावलेल्या माणसाला हा हिशेब शिकवावा लागत नाही. इथे फरक एवढाच की पूल आडवा नसून उभा आहे.

दार उघडण्यापूर्वी दाराजवळचे लोक पाठीवरची पिशवी पोटाशी घेतात. उतरायचे नसलेले प्रवासीही क्षणभर फलाटावर उतरून बाजूला उभे राहतात, मागच्यांना वाट देतात आणि पुन्हा आत शिरतात. बाहेरची रांग तोवर दाराच्या दोन्ही अंगांना थांबून असते. सरकत्या जिन्यावर उभे राहणारे डावीकडे आणि चढून जाणारे उजवीकडे, ही टोकियोची जुनी सवय. ‘जिन्यावर चालू नका’ असे फलकांवर सांगितले असले तरी सकाळी ती सुटत नाही. गर्दी दाट असते, पण आवाज जवळजवळ नसतो. ऐकू येतात ती पावले, घोषणा आणि फाटकांवर कार्ड टेकवल्याचे बारीक आवाज.

फाटकांची रचना नीट समजून घेण्यासारखी आहे. तोयोको, फुकुतोशिन, देन-एन-तोशी आणि हान्झोमोन या चार भुयारी मार्गांमध्ये गाडी बदलताना फाटक ओलांडावे लागत नाही, जरी त्यांचे मालक दोन असले तरी. याउलट फुकुतोशिन आणि गिन्झा एकाच कंपनीचे असूनही फाटकातून बाहेर येऊन पुन्हा आत जावे लागते, कारण एक तळघरात आहे आणि दुसरा आकाशात. ६० मिनिटांच्या आत पुन्हा आत गेल्यास कार्ड हा एकच प्रवास धरते. सुइका हे कार्ड २००१ मध्ये आणि पास्मो २००७ मध्ये आले. आता दोन्हींपैकी कोणतेही कोणत्याही कंपनीच्या फाटकावर चालते. कंपन्यांच्या सीमा प्रवाशाच्या खिशात तरी पुसल्या गेल्या.

रुळांवरच्या सीमा पुसण्याचे काम अधिक अवघड होते. १६ मार्च २०१३ रोजी तोयोको मार्ग फुकुतोशिनला जोडला गेला आणि योकोहामाकडून येणारी गाडी न बदलता टोकियोच्या वायव्येकडील उपनगरांपर्यंत जाऊ लागली. त्याआधी तोयोकोचे शेवटचे स्थानक दुसऱ्या मजल्यावर, अर्धगोल छपरांच्या रांगेखाली होते. रूळ जमिनीखाली वळवण्याचे काम आदल्या रात्रीची शेवटची गाडी गेल्यानंतर आणि पहाटेची पहिली येण्याआधी, शेजारच्या दाइकानयामा स्थानकापाशी, सुमारे १२०० कामगारांनी पार पाडले. प्रवाशांची एकही फेरी चुकली नाही. मात्र जेआर किंवा गिन्झा मार्ग गाठणाऱ्यांचा रस्ता त्या रात्रीपासून लांबला. पूर्वीच्या थोड्या पावलांच्या जागी कित्येक जिने आले. कोणत्याही सुधारणेत कोणाच्या तरी पायांवर जास्तीचा भार पडतो, आणि तो किती हे नकाशावर कळत नाही.

बसून पुढे जाणाऱ्यांना शिबुयात एक वेगळी गोष्ट पाहायला मिळते. गाडी तीच राहते, पण मोटरमन बदलतो. पांढरे हातमोजे घातलेला मेट्रोचा मोटरमन फलाटाच्या टोकाला आधीच उभा असतो. गाडी थांबली की तोक्यूचा मोटरमन उतरतो, दोघे हात कपाळाशी नेऊन नमस्कार करतात, सांगण्यासारखे काही असेल ते दोन वाक्यांत सांगितले जाते. नवा माणूस आत बसतो, बोट रोखून सिग्नल आणि उपकरणे मोठ्याने उच्चारत तपासतो आणि गाडी निघते. हे सगळे दारे उघडी असण्याच्या वेळेतच उरकते. पहिल्या डब्यात उभे राहून हे पाहणे हा या लेखकाच्या प्रवासातला आवडता भाग होता. इतक्या थोड्या वेळात जबाबदारी इतकी स्वच्छपणे एका हातातून दुसऱ्या हातात जाताना क्वचितच दिसते.

वरच्या मजल्यांवर बदल टप्प्याटप्प्याने झाले. गिन्झा मार्गाचा फलाट ३ जानेवारी २०२० रोजी सुमारे १३० मीटर पूर्वेला, मेइजी रस्त्याच्या वर हलला. पूर्वी अरुंद आणि दोन बाजूंना वेगळे असलेले फलाट जाऊन १२ मीटर रुंदीचा एकच फलाट आला. साइक्यो मार्गाचे फलाट यामानोतेपासून सुमारे ३५० मीटर दक्षिणेला होते आणि तिथे पोचणे म्हणजे स्वतंत्र पायपीटच असे. १ जून २०२० रोजी तेही यामानोतेच्या शेजारी आले. यामानोते हा ३४.५ किलोमीटरचा वर्तुळाकार मार्ग, त्यामुळे त्याला हात लावणे सोपे नव्हते. ऑक्टोबर २०२१ आणि जानेवारी २०२३ मध्ये शनिवार-रविवारी एकेका दिशेच्या गाड्या काही भागात थांबवून दोन फलाटांचा एक केला गेला, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये रूळ उंचावले गेले.

नद्यांचे काय झाले, हेही सांगायला हवे. स्थानकाच्या दक्षिणेला, तोयोकोच्या जुन्या रुळांच्या जागी २०१८ मध्ये उभ्या राहिलेल्या इमारतीपाशी शिबुया नदी पुन्हा उघडी दिसते. दरीचा तळ असल्याने मुसळधार पावसात सगळे पाणी इथेच धावते. म्हणून पूर्वेच्या चौकाखाली सुमारे २५ मीटर खोलीवर सुमारे ४००० घनमीटर पाणी धरणारी टाकी बांधली गेली आणि २०२० मध्ये ती वापरात आली. प्रवासी तिच्यावरून रोज चालतात आणि तिचा पत्ताही लागत नाही.

केइओच्या इनोकाशिरा मार्गाकडे जाणाऱ्या पुलावर तारो ओकामोतो यांचे ३० मीटर रुंदीचे भित्तिचित्र आहे. विषय अणुबाँब. ते १९६८-६९ मध्ये मेक्सिकोत रंगवले गेले, मग बेपत्ता झाले, २००३ मध्ये सापडले आणि २००८ मध्ये इथे लागले. गर्दीच्या वेळी त्याच्याकडे मान वर करून पाहणारे थोडेच. चौकातल्या हाचिको कुत्र्याच्या पुतळ्यापाशी मात्र कायम कोणी ना कोणी कोणाची तरी वाट पाहत उभे असते. पहिला पुतळा १९३४ मध्ये, हाचिको जिवंत असताना बसवला गेला. युद्धात तो वितळवला गेला, आणि आजचा पुतळा १९४८ चा आहे.

स्थानकाचे काम २०३० च्या दशकातही चालू राहणार आहे. तोवर पत्र्याचे आडोसे, तात्पुरते जिने आणि महिन्या-दोन महिन्यांनी सरकणाऱ्या वाटा हेच रोजचे चित्र असेल. आडोसा हलला की जमिनीवरच्या पिवळ्या खडबडीत पट्ट्याही नव्या वाटेने लावल्या जातात, म्हणजे काठी टेकत येणाऱ्या अंध प्रवाशालाही नवी वाट पायांनी कळते. १९६७ मध्ये ओकायामात प्रथम बसवलेली ही पट्टी सेइइची मियाके यांनी शोधली. डोळस प्रवाशासाठी फलक असतातच, पण तेही अनेकदा काल ज्या बाजूला बाण दाखवत होते तिच्या उलट दिशेला वळलेले असतात, म्हणून जुन्या प्रवाशालाही फलक दर वेळी नव्याने वाचावा लागतो.