समुद्र नसलेल्या देशात

आम्ही माळव्यातले; समुद्र आम्हांला नातलगांसारखा, सुटीत जाऊन भेटण्याचा. त्यामुळे लाओसला निघताना शेजाऱ्यांनी ‘तिथे समुद्रही नाही, मग पाहणार काय?’ असे विचारले, तेव्हा आम्हां उभयतांना मौज वाटली. चीन, व्हिएतनाम, कंबोडिया, थायलंड आणि म्यानमार यांनी वेढलेला हा आग्नेय आशियातील एकमेव भूवेष्टित देश. क्षेत्रफळ सुमारे २ लाख ३७ हजार चौरस किलोमीटर, आणि त्यातला बहुतेक भाग डोंगरपठारांचा.

थायलंडच्या सीमेवरील हुआय साय येथे आम्ही लांबट लाकडी नावेत बसलो. लुआंग प्रबांग गाठण्यास दोन दिवस लागतात. रात्रीचा मुक्काम पाकबेंगला. मेकाँगचे गढूळ पाणी काळ्या खडकांमधून वाट काढीत होते. पावसाळा सरून पाणी उतरले, की तीरावरच्या गाळात लोक भाजीपाला लावतात. ते हिरवे वाफे पाहून नर्मदेच्या वाळूतील टरबुजांच्या वाड्या आठवल्या. नाम खान आणि मेकाँग यांच्या संगमावरील लुआंग प्रबांग १९९५ पासून जागतिक वारसास्थान आहे. पहाटे भिक्षूंची रांग निघते आणि गृहिणी त्यांच्या पात्रात चिकट भाताचे घास घालतात.

तेथून आम्ही शिएंग खुआंगच्या पठारावर गेलो. उघड्या माळावर माणसाहून उंच असे दगडी रांजण विखुरलेले आहेत. लोहयुगातील लोकांच्या अंत्यविधीशी त्यांचा संबंध असल्याचे संशोधक मानतात. पण आमची नजर रांजणांवरून पुनःपुन्हा पायांकडे वळत होती. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकी विमानांनी या देशावर वीस लाख टनांहून अधिक बाँब टाकले. त्यांतील कितीतरी लहान बाँब न फुटता मातीत राहिले आणि आजही माणसे मारतात. वाटेत लाल-पांढऱ्या खुणेचे दगड पुरलेले होते. पांढऱ्या बाजूची जमीन साफ केलेली, तेवढ्यातच चालायचे. पलीकडे गवत तसेच हिरवेगार होते.

दक्षिणेस वाट फू येथे डोंगराच्या पायथ्याशी जुने शिवमंदिर आहे. शिखराचा आकार लिंगासारखा, म्हणून प्राचीन काळी त्याला लिंगपर्वत म्हणत. कड्यातून झिरपणाऱ्या झऱ्याचे पाणी एके काळी गाभाऱ्यातील लिंगावर अखंड वाहत असे. आज तेथे बुद्धमूर्तीपुढे उदबत्त्या जळतात. आम्ही दोन्ही देवांना हात जोडले.

कंबोडियाच्या सीमेजवळ मेकाँग असंख्य बेटांत फाटते आणि खोन येथे खडकांवरून कोसळते. या नदीतून चीनपर्यंत बोटी नेण्याचे फ्रेंचांचे स्वप्न इथेच अडले. धबधबा टाळण्यासाठी त्यांनी बेटांवर चिमुकली रेल्वे टाकली. तिचे गंजलेले इंजिन अजून दाखवतात. डिसेंबर २०२१ पासून मात्र चीनच्या सीमेपासून व्हिएंतियानपर्यंत आगगाडी धावते. डोंगर पोखरून अखेर बाहेरची वाट सापडली.

परतल्यावर उन्हाळ्यात देवासच्या रस्त्याला काळी रानं नांगरताना दिसली. शेतकरी शीळ घालीत निश्चिंतपणे चालला होता. शेजाऱ्यांनी पुन्हा विचारले, ‘काय पाहिलंत?’ नदी, डोंगर, देऊळ, सारे सांगून झाले; पण त्या निश्चिंत नांगराचे मोल आम्ही तिथे जाऊन ओळखले, हे सांगताना शब्द अपुरे पडले.