गप्पी माशास अनावृत पत्र

प्रिय गप्पी,

तू मूळचा दक्षिण अमेरिकेचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डासांवरचा उपाय म्हणून तुला भारतात आणलं. आज गावोगावच्या भिंतींवर ‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’ असं रंगवलेलं दिसतं. पण ते वाचणाऱ्या किती जणांनी तुला काम करताना पाहिलंय?

मी पाहिलंय, गुरांच्या हौदाशी उभं राहून. डासांच्या अळ्या डोकं खाली आणि श्वासनळी वर करून पाण्याच्या पृष्ठभागाला लोंबकळत होत्या. माझी सावली पडताच वळवळत तळाला गेल्या, पण श्वासासाठी त्यांना पुन्हा वर यावंच लागलं. तिथेच तू होतास. तुझं तोंड वरच्या बाजूला वळलेलं, त्यामुळे पृष्ठभागावरची अळी तू अलगद टिपतोस. तुझी मादी अंडी न घालता साधारण महिन्याला जिवंत पिल्लंच देते. एकदा सोडलं की हौदात तुझा संसार आपोआप वाढतो. गढूळ, घाण पाणीही तू सोसतोस.

पण आम्ही सगळा भार तुझ्यावर टाकून मोकळे झालो, हे मला सलतं. डेंग्यूचा डास फ्रिजमागच्या ट्रेमध्ये, कुंडीखालच्या ताटलीत, टायरमध्ये, अंगणात पडलेल्या करवंटीत अंडी घालतो. तिथे तू कसा पोचणार? तिथे सगळी भांडी रिकामी करून कोरडी करायचा ‘कोरडा दिवस’च हवा, दर आठवड्याला, कारण अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आणि नुसतं पाणी ओतून टाकून भागत नाही. ही अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटतात, कोरडी पडली तरी महिनोन्महिने तग धरतात आणि पाणी लागलं की फुटतात. रांजण आतून खसाखसा घासलाच पाहिजे.

कडुलिंबाच्या पाल्याचा धूर मला पटत नाही. डास घटकाभर हटतात, पण धूर लेकरांच्या छातीत जातो. शिवाय धूर आपण करतो संध्याकाळी आणि डेंग्यूचा डास चावतो दिवसा. अंगभर कपडे, खिडकीला जाळी आणि दुपारी निजलेल्या बाळावरही मच्छरदाणी, हेच खरं.

तुझ्याबाबत एक काळजीही आहे. हौसेपोटी तुला ओढ्या-नदीत सोडणं चूक आहे. तिथले देशी छोटे मासेही अळ्या खातात, आणि तू त्यांच्या वाट्याचं खाऊन त्यांनाच हुसकावतोस. तुझी जागा हौदात, बंदिस्त टाक्यात, वापरात नसलेल्या विहिरीत.

वाचकहो, ज्या साठ्यातलं पाणी उपसता येत नाही, त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात गप्पी माशांची चौकशी करा. बाकीची भांडी या रविवारी स्वतः घासा.

तुझी ऋणी,
एक गावकरी