मुन्नीचे पहिले पाऊल

तुमच्या घरी किंवा शेजारी एखादे वर्षभराचे बाळ आहे का? असेल तर त्याच्याकडे जरा नीट पाहा. मी शिक्षक असूनही माझ्याच मुलीकडे नीट पाहायला उशिरा शिकलो.

बी.एड.ला असताना बालविकासाच्या पेपरात मला चांगले गुण मिळाले होते. बाळ कधी बसते, कधी रांगते, कधी उभे राहते, सारे तोंडपाठ होते. पण आमच्या मुन्नीचा पहिला वाढदिवस, म्हणजे आपली सालगिरह, आली तेव्हा ते पाठांतर काही कामाला आले नाही. मुन्नी चालत नव्हती. शेजारचा मुलगा तर अकराव्या महिन्यातच अंगणात फिरू लागला होता. वाढदिवसाला आलेल्या एका पाहुणीने सर्वांदेखत विचारले, "हिच्या पायात काही दोष तर नाही ना?" मुन्नीची आई काहीच बोलली नाही. त्या रात्री ती जेवलीही नाही.

दुसऱ्याच दिवशी मी बाजारातून चाकांचा वॉकर आणला. बाळाला त्यात बसवले की ते पाय मारत घरभर फिरते. मला वाटले, आता महिन्याभरात मुन्नी चालेल!

त्याच आठवड्यात अंगणवाडीत बाळांची वजने होती. मुन्नीचे वजन ८ किलो ४०० ग्रॅम भरले. ताईंनी कार्ड उघडले. जन्माच्या वेळी ते २ किलो ८०० ग्रॅम होते. "सर, गणित तुम्हीच करा," त्या म्हणाल्या. बरोबर तिप्पट! पहिल्या वर्षात बाळाचे वजन साधारण तिप्पट होते आणि उंची दीडपट. पुढे हा वेग मंदावतो. दुसऱ्या वर्षात वजन दोन-अडीच किलोच वाढते. म्हणूनच वर्षानंतर बाळाची भूक कमी झाल्यासारखी वाटते आणि घरातली माणसे उगीच त्याच्यामागे वाटी घेऊन धावतात.

मी चालण्याचे विचारले. ताई म्हणाल्या, "काही बाळे नवव्या महिन्यात चालतात, काही सतराव्या. दोन्ही ठीकच. अठरा महिने होऊनही चालली नाही, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. आणि तो वॉकर आधी परत करा. त्याने मूल लवकर चालत नाही, उलट पायऱ्यांवरून पडते." पुढे मी वाचले, की कॅनडाने अशा वॉकरवर २००४ साली बंदीच घातली. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील मुलांचा अभ्यास केला होता. त्याचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. त्यातही चालण्याचा काळ जवळजवळ ताईंनी सांगितला तेवढाच आहे. काही निरोगी बाळे तर रांगतही नाहीत!

घरी आल्यावर मी मुन्नीसमोर बसलो. तिने ताटाबाहेर पडलेले भाताचे एक शीत अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत उचलले. तुम्हीही उचलून पाहा. किती बारीक काम आहे ते! सहा महिन्यांची असताना ती सगळ्या पंजाने वस्तू ओढायची. मी तिचा चेंडू टॉवेलखाली लपवला. तिने टॉवेल बाजूला केला आणि हसली. दिसत नसलेली वस्तूसुद्धा असते, हे तिला कळले होते. "पंखा कहाँ है?" असे विचारताच तिने वर बोट दाखवले. बोलायला तिला तीनच शब्द येत होते, पण समजत मात्र कितीतरी होते. हे सारे आधीपासूनच चालू होते. मीच फक्त तिचे पाय पाहत होतो.

वॉकर परत केला. दुकानदाराने निम्मेच पैसे दिले. अम्मीने माळ्यावरून माझा जुना लाकडी पांगुळगाडा काढला. तो उभे राहून ढकलायचा असतो, त्यामुळे शरीराचा तोल स्वतःच सांभाळावा लागतो. मुन्नी दोन-चार दिवस त्याची चाकेच चाटत बसली.

पंधराव्या महिन्यातली एक संध्याकाळ. मी शाळेतून आलो आणि सायकल भिंतीला टेकवली. मुन्नी खाटेला धरून उभी होती. तिने हात सोडला. एक पाऊल, दोन, तीन... आणि ती धपकन खाली बसली. मी पुढे धावणार, तोच तिच्या आईने माझा हात धरला. मुन्नीने आमच्याकडे पाहिले, दोन्ही हात जमिनीवर टेकले आणि ती पुन्हा उठू लागली.