आतला कस

मलकापूरच्या एका कापूस व्यापाऱ्यांकडे दिवंगत थोरल्या बंधूंची सॅन स्टॉर्म आहे. गोव्यात तयार झालेली, फायबरग्लासच्या अंगाची ही दोन आसनी स्पोर्ट्‌स कार आता बनत नाही. पुतण्याने ती वापरायला काढली आणि बुलढाण्याला जाताना राजूर घाटात स्टिअरिंग सैल असल्याचे त्याच्या लक्षात आले.

अकोल्याच्या गॅरेजमध्ये गाडीच्या मापाचे दोन रिकंडिशन रॅक समोर आले. एक स्वस्त, ताज्या रंगाने चकाकणारा. दुसरा महाग, दिसायला साधा.

“काका, पहिला अगदी नव्यासारखा आहे.”

काकांनी मिस्त्रीला एवढेच विचारले, “आत काय बदलले?” पहिल्याबाबत उत्तर मिळाले नाही. दुसरा त्याने उघडून दाखविला: नवे बुश, नवे रबरी बूट, शाबूत दात.

गाडी बहुतांशी सरळ धावते. म्हणून रॅकचे दात मधोमध अधिक झिजतात. ही ढिलाई लपविण्यासाठी स्क्रू आवळला, की पूर्ण वळणावर, जिथे दात झिजलेले नसतात, स्टिअरिंग जड होते. पहिला रॅक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरविताच कडेला अडखळला.

दुसरा रॅक बसवून, अलाइनमेंट करून दोघे परतले.

“पैसे बरेच जास्त गेले, काका.”

“कापसाच्या ढिगात हात खोल घातल्याशिवाय आपण भाव बोलत नाही. इथे तर घाट उतरणारा तू आहेस.”

पुतण्या काही बोलला नाही. घाटातील पुढच्या वळणावर त्याने वेग आपणहून कमी केला.