फिरत्या घराची ओसरी

परदेशी असलेल्या मुलांकडे चार-सहा महिने राहण्याचा योग आपल्यापैकी अनेकांना येतो. अशा मुक्कामात अमेरिकेतील ग्रँड कॅन्यन पाहण्याचा बेत ठरला आणि हॉटेलऐवजी गाडीमागे जोडलेल्या ट्रेलरमध्ये राहावयाचे असेल, तर आमचा एक अनुभव आपल्या उपयोगी पडेल.

कोलोरॅडो नदीने कोरलेली ही दरी सुमारे दीड किलोमीटर खोल आहे. तिचा दक्षिण काठ समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटर उंच, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही साडेचारशे मीटर वर! तेथील हवा विरळ आणि अतिशय कोरडी असते. घाम येतो तोच वाळतो, त्यामुळे अंगातले पाणी कमी होत असल्याचे ध्यानात येत नाही. वाढत्या वयात तहानेची जाणीवही मंदावते. उन्हात तासभर बसून एकदम उठले की भोवळ येण्याची भीती असते. म्हणूनच अशा ठिकाणी ज्येष्ठांना सावली ही औषधाइतकीच आवश्यक वाटते.

ही सावली ट्रेलरच्या कडेला गुंडाळलेली असते. बटण दाबले की बारा व्होल्टची छोटी मोटर फिरते आणि कापडी छत बाहेर पसरते. इंग्रजीत त्याला ऑनिंग म्हणतात. आपला जुना शब्द सायवान. खाली दोन खुर्च्या मांडल्या, की फिरत्या घराला ओसरी लाभते. समोर पाइनची उंच झाडे आणि मधूनच संथपणे चरत जाणारी एल्क हरणे पाहत आम्ही दोघांनी तेथे दोन सुरेख दिवस काढले.

तिसऱ्या दिवशी दुपारी ढग दाटून आले. जुलै ते सप्टेंबर या काळात त्या भागात दुपारच्या वेळी अचानक वादळी पाऊस येतो. वाऱ्यात सायवान उघडे राहिले तर त्याच्या दांड्या पिळवटतात. कापडात पाणी साचले तर त्या भाराने ते मोडते. मुलीने बटण दाबले. मोटर घरघरली, हातभर कापड आत गेले आणि सारे थांबले. दुसऱ्यांदा बटण दाबले, तेव्हा आवाजही झाला नाही.

सांगण्यास संकोच वाटतो, पण वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी मी स्टूल ओढून त्यावर एक पाय ठेवलाच. पत्नीने मनगट घट्ट धरले. "अहो, आधी खाली उतरा. पडलात तर इथं काय करायचं?" मुलगी म्हणाली, "बाबा, आईला घेऊन गाडीत बसा. छताचं आम्ही बघतो."

मन दुखावले. घरातला प्रत्येक पंखा आणि प्रत्येक नळ आजवर मीच दुरुस्त केला होता. तरीही आम्ही गाडीत जाऊन बसलो. वीज कडाडू लागली की पक्के छप्पर असलेली बंद गाडी झाडाखालच्या जागेपेक्षा कितीतरी सुरक्षित असते, हेही खरेच.

जावयाने फ्यूज तपासला. तो शाबूत होता. ट्रेलरमधले दिवे लागत होते, म्हणून वीज आहे असा आमचा समज झाला होता. चूक तेथेच होती. आम्ही उतरलो होतो त्या मॅदर कॅम्पग्राउंडमध्ये ट्रेलरला विजेची जोडणी मिळत नाही. सारा भार ट्रेलरच्या बॅटरीवर. दोन रात्रींचे दिवे आणि पंखा यांनी ती उतरली होती. उतरलेल्या बॅटरीवर दिवा लागतो, पण मोटर फिरवण्याइतका जोर तिच्यात उरत नाही.

गाडी ट्रेलरच्या पुढच्या बाजूला आणून मुलीने दोन्ही बॅटऱ्या जाड तारांनी जोडल्या. इंजिन सुरू ठेवून ती खिडकीशी आली. "बाबा, दहा मिनिटं झाली की हाक मारा." मी घड्याळावरून नजर हलवली नाही. हाक मारली, तिने बटण दाबले, आणि सायवान सावकाश आत गेले. पहिले टपोरे थेंब काचेवर पडले ते त्यानंतर.

आपणही असा प्रवास करणार असाल, तर ट्रेलर भाड्याने घेतानाच सायवान हाताने कसे मिटवायचे ते तरुण मंडळींना दाखवून देण्यास सांगावे. प्रत्येक बनावटीची रीत निराळी असते. काहींच्या नळीत ताणलेली स्प्रिंग असते. माहिती नसताना ती सोडवू पाहणाऱ्याचा हात जायबंदी होऊ शकतो. मोटर सतत चालून तापली असेल तर काही वेळ निवू द्यावी. झोपण्यापूर्वी, फिरावयास निघताना आणि वारा सुटताच सायवान मिटवावे. अडकलेल्या कापडाखाली कोणीही बसू नये.

सोबतच्या मंडळींनी बिघाडाकडे वळण्यापूर्वी वडीलधाऱ्यांना सावलीत बसवावे, हाती पाणी द्यावे आणि जमेल असे एखादे कामही सोपवावे. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असेल, लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर पाणी किती प्यावे हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून ठेवावे.

त्या दिवसापासून सकाळी चहाआधी बॅटरीचे व्होल्ट पाहून लिहून ठेवण्याचे काम माझ्याकडे आले. माझ्या रक्तदाबाच्या वहीत, शेवटच्या पानावर, ते आकडे अजून आहेत.